खालापूरच्या माळावर पतंगगाडी वळवताना

माणूस एका बुटक्या तीनचाकी गाडीत बूड टेकवून बसतो, पाय पुढच्या चाकाच्या दांडीवर ठेवतो, आणि आकाशात धरलेला एक अवाढव्य पतंग त्याला जमिनीवरून ओढत नेतो. इंजिन नाही, पेडल नाही, ब्रेकसुद्धा नाही. असा काही खेळ असतो हे मला यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. इंग्रजीत त्याला काईट बग्गी म्हणतात. खालापुरात सगळे पतंगगाडी म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. मी ती शिकायला गेले होते, त्यातही वळवायला शिकायला. परत आल्यावर ज्यानं त्यानं विचारलं, कसं होतं गं? प्रत्येकाला मी "छान होतं" असं सांगून टाकलं. इथे जरा खरं लिहिते.

शिकवणारे माझे वडील होते. मी शाळेत असताना ते फलटणहून ओमानला क्रेन चालवायला गेले. आधी दर शुक्रवारी फोन यायचा, मग सणासुदीला यायला लागला, मग बंद झाला. खूप वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की ते परत आलेत आणि रायगडात खालापूरला राहतात. परत आलेत म्हणजे देशात. आमच्याकडे नाही.

यंदा शिमग्यानंतर एक दिवस मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, तेव्हा फोन वाजला.

"सुजे, अण्णा बोलतोय."

ते जणू काल संध्याकाळीच बोलून फोन ठेवला होता अशा आवाजात पुढे बोलत राहिले. तिकडे ओमानच्या वाळूवर काही परदेशी लोक पतंगाच्या गाड्या पळवायचे, त्यांच्याकडून आपण शिकलो, आता इथं येणाऱ्या लोकांना शिकवतो, वगैरे. "सरळ काय, कुणीबी जातंय," ते म्हणाले. "वळायला शिकवावं लागतं. तू ये. तुला मी वळायला शिकवतो."

आईला सांगितलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. "जायचं तर जा," तिने मान वर न करता म्हटलं. मी लॅबमध्ये रजा टाकली. मला त्यांना एकच विचारायचं होतं, का आला नाहीत. तेवढं विचारायला गाडी वळवायला शिकायची गरज नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

कर्जत

पुण्याहून घाट उतरताना आमची गाडी ठाकूरवाडीला बराच वेळ उभी राहिली. खाली दरीत पळस फुलून संपलेले, डोंगर करपलेले, आणि फलाटाच्या कडेला एक बाई करवंदांचे द्रोण घेऊन बसलेली. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, अंगावरचा घाम वाळून जातो. इथे घाम येतो आणि राहतो.

कर्जतला ते मला लगेच दिसले. माझ्या आठवणीतले अण्णा जाडजूड, मिशीवाले होते. समोर उभा असलेला माणूस वाळलेला, काळा पडलेला, डोक्यावर टोपी, मिशी नाही. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली.

"जेवलीस का?"

"नाही."

"चल, वडा खा. इथला वडा चांगला असतो."

एवढंच. मी मनात काय काय रचून आले होते. त्यांच्या पाया पडायचं की नाही इथपासून. वडा खरंच चांगला होता, कडक पाव, आत तिखट हिरवी मिरची, आणि आम्ही दोघं फलाटावर उभ्या उभ्या खात राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते, वर शेडच्या पत्र्यापलीकडच्या झाडाचा शेंडा बघत होते. "वारा चढतोय," म्हणाले. "आजच सुरुवात करू."

त्यांचा छोटा टेंपो होता, मागे दोरीने बांधलेली गाडी. कर्जतच्या बाहेर एका ओळखीच्या माणसाच्या भाताच्या रिकाम्या शेतात आम्ही उतरलो. पश्चिमेला माथेरानचा डोंगर भिंतीसारखा आडवा. हा डोंगरच तिथे अडचण होता, हे अण्णांनी मला उतरताक्षणी समजावलं. समुद्राकडून येणारा वारा डोंगराला थटतो, फाटतो आणि खाली येताना कुठूनही येतो. "इथं फक्त पतंग शिकायचा. गाडी खालापूरला."

पतंग म्हणजे आपला कागदी नव्हे. कापडाचा, लांबलचक, आत पिशव्यांसारखे कप्पे. वारा शिरला की तो गादीसारखा फुगतो. त्याला चार दोऱ्या, त्या दोन मुठींना बांधलेल्या, एकेक मूठ एकेका हातात. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. मुठी मनगटाला पट्ट्याने अडकवलेल्या असतात. हातातून मूठ सोडली की पट्टा पतंगाच्या मागच्या कडेच्या दोऱ्या ओढतो आणि पतंग मेल्यासारखा खाली येतो.

"म्हणून पहिला धडा सोडायचा," अण्णा म्हणाले. "भीती वाटली की माणूस घट्ट धरतो. मग पतंग नेतो फरफटत. मी सोड म्हटलं की सोडायचं. इचार करायचा नाय."

'नाय' म्हणाले ते. आमच्याकडे 'न्हाई' म्हणतात. मी ते ऐकून घेतलं.

पतंग वर चढला तसा माझ्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला मागून त्यांनी धरलं, कारण मी अक्षरशः टाचा घासत पुढे जात होते. "सोड!" मी सोडलं. पतंग कोसळला. परत चढवला. "सोड!" असं ऊन उतरेपर्यंत. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मी चुकीची मूठ ओढली, दोऱ्यांचा गुंता केला, पतंग बाभळीत घातला, त्यांनी काटे एकेक करून काढले, कापड जपत, आणि म्हणाले, "होतं. सगळ्यांचं होतं."

हे सगळे कोण, असं मला विचारावंसं वाटलं. ज्यांना ज्यांना त्यांनी एवढ्या शांतपणे शिकवलं ते.

खालापूर

ते मुमताजखालांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. पुढच्या घरात खाला एकट्या; मुलगे कामाला पनवेलला आणि कतारला. त्यांचं मूळ गाव किनाऱ्यावर, मुरुडकडे. सासरा खालापूरला दुकान टाकायला आला तो इथलाच झाला. मला त्यांनी उंबऱ्यातच थांबवलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अण्णांना म्हणाल्या, "ही तुमची लेक? तुमी कदी बोललाच नाय लेक हाय म्हणून."

अण्णा हसले. "बोललो असंल."

"नाय बोललात," खाला म्हणाल्या, आणि मला आत घेतलं.

मी त्यांच्याकडेच झोपायचे आणि जेवायचे. तांदळाची उकड काढून केलेली पातळ भाकरी, कैरी घातलेली सुकट, वालाचं बिरडं. आमच्याकडे भाकरी थापताना शेजारच्या घरात आवाज जातो. खालांच्या हाताखाली भाकरी आवाज न करता वाढत जायची. मी बाजरीच्या भाकरीचं सांगितलं तर म्हणाल्या, "ती कडक, दातांचं काम. आमाला मऊ लागतं गं." एक दिवस त्यांनी माझ्यासाठी सांदणं केली, तांदळाच्या रव्याची नारळ घातलेली वाफवलेली वाटोळी वडी. मी बऱ्याच खाल्ल्या. अण्णा दारातून एक उचलून निघून गेले. ते आमच्याबरोबर कधी बसले नाहीत.

सकाळी वारा नसायचा. अण्णा कुठेतरी टेंपो घेऊन जायचे, मी गावात भटकायचे. खालापूर तालुक्याचं गाव, सरकारी कचेऱ्या, त्यांच्या पायऱ्यांवर बगलेत फायली धरलेली माणसं, झेरॉक्सची दुकानं, पलीकडे द्रुतगती मार्गाचा अखंड आवाज. चहाच्या टपरीवर बसलं की कानावर फक्त जमीन पडते. कुणाची बिनशेती झाली, कुणाच्या भावाने सही दिली नाही, कुणी फार्महाउसवाल्याला रस्ता अडवला. आमच्याकडे टपरीवर उसाचं आणि कालव्याच्या पाण्याचं चालतं. तिथेही भांडणं असतात, पण निदान उभ्या पिकावरून असतात.

आम्ही गाडी पळवायचो तो माळही असाच झालेला. तो जनार्दनशेठचा. पन्नाशीचा, बोलायला गोड, हातात जाड कडं घालणारा माणूस. त्यांच्या आजोबांची भातखाचरं होती तिथे. बांध फोडून, मुरूम टाकून, रोलर फिरवून त्यांनी सपाट मैदान केलं होतं. कडेला प्लॉटचे सिमेंटचे खुंट रोवलेले. दुपारी पश्चिमेकडून वारा आला की तो ह्या मैदानावर मध्ये काहीही न थटता यायचा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पण ती लांब.

आता वळण्याबद्दल. वारा पश्चिमेचा, म्हणजे पतंग तुमच्या पूर्वेला, आणि तुम्ही उत्तर-दक्षिण असे येरझारा घालता. मैदान संपलं की वळायचं. त्याच्या दोन तऱ्हा. पहिली, वाऱ्याकडे तोंड करून. पतंग हळूहळू डोक्यावर आणायचा, पायाने चाक वाऱ्याच्या दिशेने वळवायचं, गाडी मंदावत वळते, मग पतंग दुसऱ्या बाजूला खाली आणायचा. ही म्हाताऱ्यांची तऱ्हा, असं अण्णा म्हणायचे, पण हीच आधी शिकायची.

मला ती दुसऱ्या दुपारी जमली. त्याआधी गाडी वाऱ्यात तोंड खुपसून कितीदा जागच्या जागी थांबली. मग अण्णा मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून चालत यायचे, उन्हातून, न कुरकुरता, मला ढकलून सरळ करायचे आणि परत चालत जायचे. पहिल्यांदा पूर्ण वळले, पतंग पलीकडे उतरला आणि गाडीने परत ओढ घेतली, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी निघाली. त्यांनी लांबून टोपी काढून हवेत फिरवली. मी लॅबमध्ये काम करणारी, तिशी ओलांडलेली बाई, आणि त्या टोपीसाठी मला रडू यायला लागलं.

दुसरी तऱ्हा वाऱ्याला पाठ देऊन. ही वेगाची. उत्तरेकडे पळत असताना उजवा हात ओढायचा, पतंग आकाशातच गिरकी घेऊन दक्षिणेकडे निघतो, आणि मग डावा पाय दाबून गाडी त्याच्या खालून फिरवायची. आधी हात, मग पाय. पाय आधी गेला तर गाडी पतंगाच्या दिशेनेच धावते, दोऱ्या ढिल्या पडतात, पतंग लुळा होतो, आणि पुन्हा वारा भरला की असा हिसका देतो की माणूस गाडीतून उपटून निघतो.

मी उपटून निघाले. पाय आधी गेला होता. दोऱ्या एकदम हलक्या झाल्या, मला वाटलं जमलं, आणि पुढच्या क्षणी मी मुरमावर छातीवर घसरत होते. लांबून "सोड! सोड!" ऐकू येत होतं. मी धरून ठेवलं होतं.

अण्णा धावत आले. माझं कोपर सोलवटून रक्त येत होतं. टेंपोच्या मागच्या फळीवर बसवून त्यांनी पाण्याने जखम धुतली, खडे काढले, औषध लावलं आणि मान खाली घालून जखमेवर फुंकर मारली. लहान मुलाला मारतात तशी. त्यांच्या डोक्यावर मध्ये टक्कल पडलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

मी विचारलं. "अण्णा, तुम्ही आला का नाहीत?"

त्यांनी फुंकर थांबवली नाही. मग बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "सांगीन. सगळं सांगीन. आधी वळायला शीक."

मला ते खरं वाटलं. त्या संध्याकाळी मी खालांच्या अंगणात बसून कोपर सांभाळत वाल सोलले आणि मनात म्हणत होते, आधी हात, मग पाय.

माळावरचं शूटिंग

दोन दिवस वारा पडला. तिसऱ्या सकाळी खाला मला म्हणाल्या, "आज चांगला डरेस घाल गं. शूटिंग हाय ना तुमचं."

"कसलं शूटिंग?"

खाला थांबल्या. त्यांच्या हातात तवा होता. "तुला नाय सांगितलं त्यांनी?"

मग त्यांनी सांगितलं, त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं म्हणून. जनार्दनशेठना प्लॉटांबरोबर ह्या खेळाची जाहिरात करायची होती. शिमग्याच्या सुमारास ते इथे, ह्याच अंगणात, चहा पीत बसले होते. नुसता पतंग कोण बघतो, असं ते म्हणाले. घरचं माणूस पाहिजे. बाई असली तर बेस. बाप शिकवतो, पोरगी शिकते, असं काहीतरी. "तेव्हा तुझा बाप बोलला, माझी लेक हाय," खाला म्हणाल्या. "मी म्हटलं, बघ, आज कळलं."

उंबऱ्यात मला बघून "तुमी कदी बोललाच नाय" असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या मनातलं वाचल्यासारख्या त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्यासमोर मीच उलटं बोलले. तुझा बाप शेठसमोर बोलला, त्याच्याआधी कदी नाय बोलला, असं मला म्हणायचं होतं." आणि त्यांनी तवा चुलीवर ठेवला.

शिमग्याच्या सुमारास. माझा फोन शिमग्यानंतर वाजला होता.

अण्णा माळावर दोऱ्या पसरत होते. मी चालतच गेले. जाताना मला राग येत नव्हता.

"व्हिडिओसाठी बोलावलंत मला?"

त्यांनी दोरी हातातून सोडली नाही. "शेठचा आग्रह होता. त्यात वाईट काय हाय?"

"व्हिडिओ नसता तर फोन केला असता?"

"सुजे, तू शिकलीस का नाय?" त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "मी खोटं शिकवलं का? तुला टाळून दुसऱ्याला जास्त शिकवलं का? मनापासून शिकवलं मी."

ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

"मी काय विचारलं?"

त्यांनी काठीला बांधलेल्या फितीकडे बघितलं. फीत पूर्वेकडे ताठ व्हायला लागली होती. "वारा चढतोय," ते म्हणाले. "एवढं कर माझ्यासाठी. शेठनं नाय म्हटलं तर हा माळ गेला. दुसरीकडं कुठं जाऊ मी आता?"

मी तिथून निघून जायला हवं होतं, असं हे वाचणाऱ्याला वाटेल. माझी बॅग खालांकडे होती, कर्जतला जाणाऱ्या रिक्षा नाक्यावर उभ्या असतात. मी गेले नाही. एक तर ते दुसरं वळण मला अजून जमलं नव्हतं आणि ते घेतल्याशिवाय मला जायचं नव्हतं. आणि दुसरं, मला आशा होती. अजूनही. कशाची ते विचारू नका.

दुपारी जनार्दनशेठ आले, बरोबर पनवेलचा एक कॅमेरावाला, त्याच्या पेटीत ड्रोन. शेठनी मला नमस्कार केला. "ताई, तुमी आलात, बरं झालं. तुमच्या वडलांसारखा माणूस नाय बघा." कॅमेरावाल्याने आम्हाला गाडीशेजारी उभं केलं, अण्णांच्या शर्टाला छोटा माइक लावला आणि म्हणाला, "सर, मुलीबद्दल दोन शब्द. मॅडम, तुम्ही फक्त हसा."

अण्णा बोलायला लागले. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी सहज.

"हिला लहानपणापासून पतंगाचं वेड. संक्रांतीला आमच्या गच्चीवर माझ्या खांद्यावर बसून ही पतंग उडवायची. मी मांजा धरायचो. आज तीच पोर मोठी होऊन..."

फलटणला आमच्या घराला गच्ची नव्हती. पत्रा होता. आणि आमच्याकडे पतंग संक्रांतीला उडवत नाहीत, नागपंचमीला उडवतात. पोरं पतंग उडवायची, आम्ही पोरी झोक्यावर असायचो. मी आयुष्यात ह्या उन्हाळ्यापर्यंत पतंगाची दोरी हातात धरली नव्हती. अण्णांच्या खांद्यावर बसल्याचं मला आठवत नाही. बसलेही असेन, तान्ही असताना.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खोटं बोलताना माणूस दिसतो तसे दिसत नव्हते. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. ते जाहिरातीसाठी रचत होते, की इतक्या वर्षांत तिकडे वाळूवर बसून त्यांनी एक मुलगी मनात बनवली होती आणि तीच त्यांना खरी वाटायला लागली होती, मला आजही ठरवता येत नाही. पण ती मी नव्हते. एवढं मला तिथे, खांद्यावर त्यांचा हात असताना, पक्कं कळलं.

"मॅडम, हसा ना," कॅमेरावाला म्हणाला.

मग गाडी. कॅमेरावाल्याने समजावलं की मी लांबून यायचं, ते वेगवालं वळण घ्यायचं, अण्णांपाशी थांबायचं, उठायचं आणि त्यांनी मला मिठी मारायची.

मी बसले. कोपराला पट्टी होती. पतंग चढवला आणि उत्तरेकडे निघाले. मुरूम चाकांखाली करकरत होता, वर ड्रोन गुणगुणत होता, सिमेंटचे खुंट भराभर मागे जात होते. उजवा हात ओढला. पतंगाने आभाळात गिरकी घेतली. पाय मी रोखून धरला, दोऱ्यांची ओढ दक्षिणेकडे सरकेपर्यंत, आणि मग दाबला. गाडी मागच्या चाकांवर घसरत, धुरळा उडवत, पतंगाच्या खालून अशी फिरली जणू तिला कुणी हाताने उचलून ठेवली. दोऱ्या एक क्षणही ढिल्या पडल्या नाहीत.

जमलं. माझं मलाच ऐकू आलं, मी मोठ्याने "जमलं" म्हणत होते.

अण्णांपाशी येऊन मुठी सोडल्या. पतंग खाली आला. मी उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. घट्ट. त्यांच्या शर्टाला उन्हाचा आणि डिझेलचा वास होता. त्यांचा श्वास लागला होता आणि त्यांची हनुवटी माझ्या केसांवर टेकली होती. मला सकाळचं सगळं विसरायला झालं. कोणत्याही कारणाने का असेना, हे झालं, असं मी मनात म्हटलं.

"सर, एकदा परत घेऊ या?" कॅमेरावाला म्हणाला. "मॅडमचा चेहरा मागे गेला."

अण्णांनी हात सोडले. दोन पावलं मागे सरले. मी गाडीत बसले, उठले, आणि त्यांनी परत मला मिठी मारली. तितकीच घट्ट. हनुवटी त्याच जागी. श्वास तसाच लागलेला.

"मस्त! फक्त उन्हाची तिरीप आली. अजून एकदा."

तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. आणि मला धरून असतानाच, माझ्या खांद्यावरून, त्यांनी कॅमेरावाल्याला विचारलं, "आता आला ना नीट?"

परत

सगळे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याभोवती वाकून बघत होते. मी पतंगाची घडी घातली, दोऱ्या मुठींवर गुंडाळल्या, त्यांनी शिकवल्या होत्या तशाच, आठच्या आकड्यासारख्या. शेठ लांबून "ताई, एक नंबर" असं ओरडले. खालांनी सांदणांचा डबा बांधून दिला आणि बॅग उचलायला लागले तर माझा हात धरून म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं गं." मी म्हटलं, "नाही खाला. तुमी बोललात तेच बरं." 'तुमी' असं माझ्या तोंडून गेलं.

कर्जतपर्यंत अण्णांनी टेंपोने सोडलं. वाटेत त्यांना दोन फोन आले, दोन्ही शिकायला येऊ इच्छिणाऱ्यांचे. मजेत होते. "तुझ्यासारखं वळण मी इतक्या लवकर कुणाचं बघितलं नाय," ते म्हणाले, आणि ते खरं असावं. शिकवण्यात ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, "वळायला शिकले. आता सांगा."

पळसदरीचं वळण गेलं.

"आता काय उकरायचं ते," ते म्हणाले.

स्टेशनबाहेर जागा नव्हती, मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, बॅग खिडकीतून हातात दिली. "पोचलीस की फोन कर," म्हणाले. टेंपो वळवून गेले.

घरी पोचले, पाय धुतले आणि फोन हातात घेऊन बसले. केला नाही. म्हटलं, बघू या, पोरगी पोचली का हे विचारायला त्यांना किती वेळ लागतो.

व्हिडिओ मे महिन्यात आला, तो जनार्दनशेठनी पाठवला. तिसरी मिठी घेतली आहे. लॅबमधल्या पोरींनी तो पुन्हा पुन्हा बघितला, एकीला रडू आलं. वळण त्यात अगदी थोडं दिसतं, धुरळ्यात. आता पाऊस लागलाय, खालापूरच्या माळावर चिखल झाला असेल, गाड्या खालांच्या पडवीत उभ्या असतील, आणि अण्णा रिकामे असतील. मी पोचले की नाही, हे त्यांना अजून माहीत नाही.